लाल सावलीतलं लेबल

माझ्या मावशीच्या यजमानांइतका रंगांच्या बाबतीत सोवळा माणूस बेळगावच्या शहापुरात झाला नाही, आणि शेजारचं वडगाव धरलं तरी होईलसं वाटत नाही. जन्म विणकराच्या घरातला. पण पेढीवाल्यानं जांभळ्या लुगड्याला पोपटी काठ सांगितला की या काकांचा माग बंद पडायचा. "ही दोघं शेजारी नांदायची न्हाईत," म्हणून ते उठायचे आणि मावशी मुकाट्यानं त्यांच्या जागी बसून लुगडं पुरं करायची. शेवटी भावकीची बोलणी खाऊन त्यांनी माग सोडला आणि बेळगावातल्या एका शिळाछापखान्यात, म्हणजे दगडी शिळेवर चित्र काढून छापणाऱ्या छापखान्यात, काडेपेट्या, उदबत्त्या, बिड्या यांची लेबलं काढायला लागले.

तिथंही त्यांनी मालकाला सुखानं जगू दिलं नाही. गिऱ्हाइकाला लेबलावर देव, वाघ, बाई आणि मोटार असं सगळंच हवं असायचं, तेही होतील तेवढ्या रंगांत. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा आणि तिचे वेगळे पैसे, म्हणून मालक खूश. काका मात्र कपाळाला हात लावायचे. "हाक एकानंच मारावी, बाकीच्यांनी गप बसावं," हा त्यांचा सिद्धांत. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना भर मांडवात जागेवरून उठवलं, कारण त्यांचा पिवळा फेटा मागच्या पिवळ्या तक्क्यात बुडत होता. सासऱ्यांनी ते अजून मनात ठेवलंय. एकदा लोंढा स्टेशनावर गार्डचं हिरवं निशाण बघत हे फलाटावर उभेच राहिले आणि गाडी आम्हाला सोडून गेली. मी चिडलो, तर मलाच म्हणाले, "दोन रंगांत अख्खी रेल्वे चालतीय बघ, आनि आमच्या शेठ लोकांना बारा पुरंनात!"

निपाणीच्या एका बिडीवाल्या शेठनं नवी बिडी काढली, तेव्हा काकांना हवी ती संधी मिळाली. त्यांनी पांढऱ्या कागदावर फक्त एक लालभडक गोल काढला. गिऱ्हाईक बहुतेक निरक्षर. दुकानातल्या सगळ्या रंगीत गर्दीत हा एकटा गोल लांबून बोलावील, असं त्यांचं म्हणणं. छापखान्याच्या मालकाला घाम फुटला. तेव्हा काका सगळ्यांसमोर बोलून गेले, "लेबल परत आलं, तर मी उद्या मागावर बसतो." एवढं बोलायची काही गरज नव्हती. पण काका शब्द फिरवणारे नव्हते, त्यामुळं मला खरोखरच भीती वाटायला लागली.

आठ दिवसांत शेठचा निरोप आला, "लेबल कुठं हाय त्ये येऊन दाखवा." काका, मावशी आणि मी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेलो. मावशी आग्रहानं आली होती. नवरा मागावर बसणारच असेल तर तो दिवस तिला बघायचा होता, असं ती म्हणाली. बाजारात पोचलो आणि आमची तोंडं उतरली. उन्हासाठी दुकानांवर जाड लाल कापडाचं छत बांधलेलं. त्याच्या सावलीत पांढरा कागद तांबूस झालेला आणि लाल गोल त्यात जवळजवळ नाहीसाच. बंडलावर कोरा कागद गुंडाळल्यासारखं दिसत होतं. शेठ म्हणाला, "चितारी, गोल काय कोगनोळीच्या शिवंपलीकडं ऱ्हायला व्हय?" काका पायरीवर बसले.

मावशी मात्र बंडल हातात घेऊन सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत अशी चारदा गेली. आमच्याकडच्या बायका लुगडं दारात उन्हात नेऊन पाहिल्याखेरीज घेत नाहीत, आणि तिच्या या सवयीपायी काका दुकानदारांसमोर नेहमी लाजायचे. ती म्हणाली, "अवं, आमी लुगडं दुकानातनं उनात आणून बघतो. तुमी तुमचा कागद उनातनं दुकानात न्यायचा न्हाई व्हय?" मग तिनं आपल्या अंगावरच्या हिरव्या लुगड्याचा पदर छताखाली धरला. तो काळाभोर दिसत होता. "ह्यो रंग लावा की. भाईर हिरवा, आत काळा. दोन्हीकडं दिसंल."

शिळा तीच राहिली, शाई तेवढी बदलली. पुढच्या बाजारी माणसं बोट दाखवून त्या हिरव्या गोलाचीच बंडलं मागू लागली. शेठनं पेढे पाठवले. काकांनी पहिला मावशीच्या हातावर ठेवला, आणि त्यांच्या अख्ख्या संसारात उघड कौतुक म्हणून मला एवढंच आठवतं.

त्यानंतर निपाणीची खेप वाचावी म्हणून मावशीनं आपलं जुनं लाल लुगडं घराच्या पडवीवर छतासारखं बांधलं. नवं लेबल आलं की काका ते आधी अंगणात धरायचे, मग लुगड्याखाली, आणि मग तिच्याकडं बघायचे. ती मान हलवेपर्यंत कागद छापखान्यात जात नसे.

मावशीला जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा शहापूरला गेलो, तर काका पडवीत बसून एका नव्या लेबलावर काम करत होते. वय झालं होतं, पण गोल अजून तसाच नेमका येत होता. वर ते लुगडं होतं. उन्हानं विटून पार पांढुरकं झालेलं. मी म्हटलं, "काका, यात आता लाल काही उरलं नाही. नवं कापड बांधू या का?"

त्यांनी लेबल त्या लुगड्याखाली धरलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. रंग गेलाय, पर सावली हाय की."