तुकारामची सत्काराची शाल

किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडीच्या काचेवर तांबडी धूळ बसते तसे ते आपसूक बसतात. एक थर पुसावा तर दुसरा हजर!

आमची गाडी म्हणजे फिरता दवाखाना. चालवणारा तुकाराम, तपासणाऱ्या कोल्हापूरकडच्या डॉक्टर मॅडम आणि मी. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं म्हाताऱ्यांची अंगं पुसता पुसता शिकले. कागदावर मी 'मदतनीस'. असू दे! मी नसले तर वाडीत कोणी दार उघडत नाही.

यंदा थंडीत आम्हाला एकच धास्ती होती. मालगुंडजवळच्या भागीरथीकाकू. फुप्फुसं पार थकलेली, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मुलगा बोटीवर, येणार तो शिमग्याला. मॅडमनी बजावलं, "यांना साधी सर्दीसुद्धा झेपणार नाही. आपल्यातला जो शिंकेल, त्याने हा उंबरा ओलांडायचा नाही."

काकूंना ऐकू कमी येतं, म्हणून सुनेने ते कानाशी ओरडून सांगितलं. काकू म्हणाल्या, "शिमगा झाल्याबिगर मी काय मरत नाय!"

*

आता स्वतः धड राहायचं तर खाणंपिणं सांभाळायला हवं. पण आमच्याकडे घरोघरी चहा! मॅडमचं पित्त खवळलं. एका घरी त्या "नको" म्हणाल्या आणि घरच्या बाईचं तोंड उतरलं. मी सावरून घेतलं, "त्यांचा उपास आहे गो, कोमट पाणी दे."

पुढच्या घरी बातमी आमच्याआधी पोचलेली. ताटात साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वर दोन केळी. "उपास ना? मग पानात काही टाकायचं नाय!"

गाडीत बसताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "काकी, उद्यापासून मला चहा चालतो."

*

दुसरं भांडण काचेचं. सकाळी खाडीवर धुकं. तुकाराम म्हणतो काच बंद, थंडी शिरते. मॅडम म्हणतात काच उघडी, नाहीतर एकाचा खोकला तिघांना. मॅडमनी हट्टाने उघडली, आणि नेमकी बाजूच्या आंब्याच्या बागेत फवारणी चाललेली! डोळ्यांतून पाणी, तिघंही खोकून बेजार.

तुकाराम डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, कलमांचं औषध तुम्ही घेतलंत. आता मोहोर तुम्हालाच येणार!"

*

आणि ती शाल. अडलेल्या बाईला तुकारामने वेळेत पोचवलं, म्हणून गावाने नारळ देऊन त्याच्या खांद्यावर घातलेली. गाडीत पांघरूण ते एकच. ज्याला थंडी वाजेल त्याने ती गळ्याशी गुंडाळायची. आधी तुकाराम शिंकला, मग मॅडम. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तुकाराम, शाल उकळत्या पाण्यात घाल."

"काय बोलता काकी! सत्काराची शाल कोण धुतं? गावाचा मान साबणात बुडवू?"

मॅडम हसल्या. मी हसले नाही. पुढच्या मंगळवारी भागीरथीकाकूंची पाळी होती.

*

मंगळवारपर्यंत ती दोघं बरी झाली. पण त्याआधी दोन दिवस गार वारा सुटलेला, न राहवून शाल मी गुंडाळत होते. मंगळवारी वाटेतच माझा घसा खवखवायला लागला.

काकूंच्या घरापाशी शाल गाडीत ठेवून मी अंगणात, खळ्याच्या कडेला बसले, आत गेले नाही. आतून काकूंची धाप ऐकू येत होती. मला खोकला अनावर झाला. ऐकलं तर म्हातारी घाबरेल, म्हणून पदर तोंडात कोंबला.

तेवढ्यात मॅडम आतून म्हणाल्या, "काकू गारठल्यात, काहीतरी पांघरायला द्या." सून उठायच्या आत तुकाराम धावला. गाडीतून शाल काढली. तीच! माझ्या घशाची! त्याचा एक पाय पायरीवर. ओरडायला गेले तर आवाज फुटेना.

मी चप्पल काढली आणि फेकून मारली. पाठीत बसली. शाल खाली, नुकत्याच सारवलेल्या खळ्यात, शेणात!

तुकारामने शाल दोन बोटांनी उचलली. "काकी... आता धुवायलाच लागणार."

"मग काय तर!" घोगऱ्या आवाजात मी म्हटलं.

*

शिमग्याला पालखी दारात आली. मुलगा आला होता. काकू ओटीवर खुर्चीत, नळी नाकाशी, पण ताठ! तुकारामने धुतलेली शाल आणली आणि मानाने त्यांच्या खांद्यावर घातली.

काकूंनी ती हुंगली. मग मला हाक मारली, "तू गो, चप्पलवाली! हिकडं ये."

मी वाकले, तर बाईने शाल काढून माझ्याच गळ्याशी गुंडाळली.

"त्या दिवशी खळ्यात तोंडात पदर कोंबून खोकत होतीस ना?"

मी चाट. "काकू, तुम्हाला ते ऐकू आलं?"

काकूंनी आधी सुनेकडे बघितलं. ती पालखीची ओटी भरत होती. मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हळू बोल गो! मी बहिरी, ती सुनेपुरती."