हैद्राबादचा स्लॉट

तात्यांच्या हातात दोन्ही सुया बसल्या होत्या. मी वरून चिकटपट्टी लावत होतो. तेवढ्यात त्यांची मुलगी मंगलताई कॉटच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, तात्याला हैद्राबाद दाखवायचंय. चार दिवसांचं काम हाय. जमंल का?"

"ताई, आधी मशीन चालू करू द्या. मग बोलू."

तात्या हसले. "सावकाश बोला. चार तास मी कुठं पळतोय?"

मी केजच्या एका दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. ज्यांच्या किडन्या बंद पडल्यात, त्यांचं रक्त मशीनमधून गाळून परत अंगात सोडायचं, हे माझं काम. एका वेळेला चार तास लागतात. निवृत्ती तात्यांचा वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. वय सत्तरीच्या पुढं. मूळ दिंद्रुडचे. किडन्या गेल्यावर मुलीकडं केजला राहायला आले. मंगलताई जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. घरात ती, तिचा नवरा आणि तात्या.

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. अकरा वर्षं त्यांच्याकडं हैद्राबादची गाडी होती.

"मग अकरा वर्षांत हैद्राबाद बघितलं न्हाई?" मी विचारलं.

"निसता डेपो बघितला. संध्याकाळी पोचायचो, जेवायचो, झोपायचो. सकाळी गाडी काढायची. एवढंच."

"कावून? एखाद्या दिवशी हिंडायचं की."

"तेवा वाटायचं, परवा पुन्हा यायचंच हाय."

मंगलताई म्हणाली, "आता रोज हैद्राबादचंच बोलत्यात. मी म्हणलं, चला, नेते."

मी डॉक्टरसाहेबांना विचारलं. त्यांनी तात्यांची फाइल उघडली, हार्टचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"रिस्क आहे, गणेश."

"मग नाही म्हणून सांगू?"

"पुढच्या वर्षी जा, असं सांगावं असं हे हार्ट नाही. जाऊ दे त्यांना. पण प्लॅन तू कर, आणि पक्का कर."

प्लॅन असा केला. शुक्रवारी आमच्याकडं डायलिसिस. शनिवारी भाड्याच्या गाडीनं प्रवास. रविवारी शहर बघायचं. सोमवारी हैद्राबादच्या एखाद्या सेंटरवर डायलिसिस, मंगळवारी परत, बुधवारी पुन्हा आमच्याकडं. सोमवारचा डायलिसिस चुकवायचा नाही, हे मी तीनदा बजावलं. तात्यांना लघवी जवळजवळ होतच नव्हती. अशा पेशंटनं प्यालेलं पाणी अंगातच साठतं. शुक्रवार ते सोमवार एवढी गॅप शरीर कसंबसं सोसतं. त्याच्या पुढं गेलं की पाणी फुप्फुसात चढतं आणि माणूस बसल्या जागी गुदमरतो.

दुसऱ्या गावात डायलिसिस करायचा म्हणजे तिथल्या मशीनवर जागा मिळवायची. त्याला आम्ही स्लॉट म्हणतो. मी हैद्राबादला चार ठिकाणी फोन लावले. तिघांनी नाही सांगितलं. एकानं कावीळ आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागितले. ते बरोबरच होतं. असे पेशंट वेगळ्या मशीनवर घ्यावे लागतात. तात्यांचे रिपोर्ट जुने होते. पुन्हा रक्त काढलं, दोन दिवस थांबलो, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मग त्यांचा निरोप आला. सोमवार, सकाळी आठ. मी लगेच हो म्हणालो.

तात्यांच्या माहितीचा एक कागद तयार केला. कोणत्या हातात सुया घालायच्या, कोणतं औषध किती द्यायचं, ड्राय वेट किती. ड्राय वेट म्हणजे जास्तीचं सगळं पाणी काढल्यावर उरतं ते माणसाचं खरं वजन. लॉज सेंटरच्या जवळ, लिफ्टचा, कमोडचा, हे मंगलताईनं शोधलं. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली दिली. दिवसाला ही एक, आणि चहा यातच धरायचा.

तात्या बाटलीकडं बघून म्हणाले, "एवढ्यात तर माझी गाडी तापली असती."

शुक्रवारी मशीनवरून सुटले तेव्हा त्यांनी पांढरा शर्ट घातलेला होता. दाढी केलेली. एरवी डायलिसिसनंतर पेशंट तासभर पडून राहतो. तात्या अर्ध्या तासात उठून बसले.

शनिवारी संध्याकाळी मंगलताईचा फोन आला. पोचलो. तात्या वाटेत दोनदा ओकले, पण आता बरे आहेत.

रविवारी सकाळी दहाला परत फोन. "भाऊ, उठंनातच. डोळे उघडत्यात, हूं म्हणत्यात, परत झोपत्यात."

मी बीपी विचारलं. तिनं सोबत मशीन नेलं होतं. बीपी जरा कमी होतं, घाबरण्यासारखं नव्हतं.

"थकवा आहे, ताई. झोपू द्या."

तात्या संध्याकाळपर्यंत झोपले. उठले तेव्हा अंधार पडायला आला होता. शहर बघायचा दिवस लॉजच्या खोलीत गेला.

सोमवारी सकाळी सातला माझा फोन वाजला. तात्यांचा होता. मी घरी डबा भरत होतो.

"गणेशा, एक इचारायचं होतं. आजचा डायलिसिस न्हाई केला तर?"

"तात्या, असं नका बोलू."

"परवा तर तुमच्याकडं येतोच हाय. पाणी पीत न्हाई मी. घोटभर बी न्हाई. आजचा एक दिवस सोड मला."

"मंगलताई कुठं हायत?"

"चहा आणायला खाली गेलीया. मी तिला सांगतो, सेंटरचा फोन आला, मशीन बंद हाय. तू फकस्त तिला काई बोलू नको."

मी विचारलं, "रात्री उशा किती घेतल्या होत्या?"

मग म्हणाले, "दोन."

घरी ते एका उशीवर झोपायचे. छातीत पाणी चढायला लागलं की माणसाला सपाट झोपवत नाही, उशा वाढत जातात. आमच्या कामात हा प्रश्न पहिला विचारतात.

"तात्या, मग विषयच संपला. आज डायलिसिस करावाच लागंल."

"आरं, आईक तर. मला एका ठिकाणी जायचं होतं. लई लांब न्हाई ते, डेपोच्या माग्नं..."

"आधी डायलिसिस. बाकी सगळं नंतर."

"नंतर कवा?"

मी म्हणालो, "ताईंना द्या फोन."

"ती न्हाई हितं," म्हणाले आणि ठेवून दिला.

मी पाच मिनिटं थांबलो असेन. मग मंगलताईच्या नंबरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती लॉजच्या जिन्यात उभी होती. चहाचे कप हातात असतील, कारण ते कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्याशी खोटं बोलणार होते?" तिनं विचारलं.

"ताई, आत्ता ते सोडा. आठच्या आत पोचा."

ती पोचली. तिथल्या टेक्निशियननं मला वजन कळवलं. साडेतीन किलो पाणी काढावं लागलं होतं. तीन दिवसांतलं साडेतीन किलो. अजून दोन दिवस लांबलं असतं तर काय झालं असतं, हे मी पाहिलेलं आहे. आमच्या दारात रिक्षातून उतरवताना माणूस गेलेला मी पाहिलाय.

एवढं पाणी एकदम काढल्यावर तात्यांचं बीपी खाली आलं. उभं राहवेना. दुपार आणि संध्याकाळ लॉजवरच गेली. मंगळवारी सकाळी ते परत निघाले. मंगलताईनं ड्रायव्हरला सांगून गाडी चारमिनारवरून घ्यायला लावली. गर्दी होती, थांबता आलं नाही. "तात्या, ते बघा," ती म्हणाली. तात्या दुसऱ्या बाजूच्या काचेतून बघत होते, असं तिनं मला नंतर सांगितलं.

बुधवारी ते आमच्याकडं आले. कॉटवर पडले, हात पुढं केला, तोंड भिंतीकडं. मी सुया घातल्या. आमच्या युनिटमध्ये सगळ्यात जास्त बोलणारा पेशंट म्हणजे तात्या. कोणत्या घाटात ब्रेक कसा मारायचा इथपासून कोणत्या कंडक्टरनं कुणाची पोरगी पळवली इथपर्यंत सगळ्या युनिटला पाठ होतं. त्या दिवशी चार तास त्यांच्या कॉटवर फक्त मशीनचा आवाज.

पुढच्या आठवड्यात मीच विचारलं, "तात्या, राग हाय का माझ्यावर?"

"न्हाई रे. तू बराबर केलंस."

एवढंच बोलले आणि डोळे मिटले.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी सकाळी ते घरीच वारले. अंथरुणातच. अशा पेशंटांत बरेच जण लांब गॅपच्या शेवटी जातात, आणि रविवार हा तसाच दिवस. डॉक्टरसाहेब म्हणाले, हार्ट. मी मान हलवली. मी मातीला दिंद्रुडला गेलतो. तिथं डेपोतले चार-पाच म्हातारे ड्रायव्हर आले होते, त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

दहाव्यानंतर मंगलताई मृत्यूच्या कागदावर सही-शिक्का घ्यायला युनिटमध्ये आली. काम झालं तरी निघेना. मी खुर्ची दिली.

"भाऊ, त्या दिवशी तुमी फोन केला न्हाई असता तर?"

मी तिला पाण्याचं, फुप्फुसाचं, दोन उशांचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. तिला ते पाठच होतं.

"मी तुमाला बोल लावत न्हाई. त्यांना धरून गाडीत मीच घातलं की. ते म्हणत होते, दुपारपर्यंत थांब. मी म्हणलं, भाऊंनी सांगितलंय." तिनं चष्मा काढला. "तिथला माणूस मला नंतर म्हणाला, दुपारी तीनची कॉट रिकामीच होती. आधी फोन केला असता तर दुपारी घेतलं असतं. तात्या असेपर्यंत मी हे तुमाला सांगितलं न्हाई."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"कुठं जायचं होतं त्यांना? तुमाला बोलले का?"

"डेपोच्या मागं काहीतरी, एवढंच म्हणाले. मी पुढचं ऐकलं नाही."

तिनं पदरानं चष्मा पुसला आणि कागद पिशवीत घातला. "मला तेवढं बी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

त्या रात्री दोन उशा लागल्या होत्या हे खरं. डायलिसिस टाळणं शक्य नव्हतं हेही खरं. पण सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत आठ तास होतात. चाकाच्या खुर्चीत बसवून, हळूहळू, डेपोच्या मागं जाऊन यायला ते पुरले असते. सेंटरनं आठ म्हटलं आणि मी आठ घेतलं. दुपारचं आहे का, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, ना स्लॉट घेताना, ना तात्यांचा फोन आला तेव्हा. पेशंटला मशीनपर्यंत पोचवायचं एवढंच मला शिकवलेलं.

डॉक्टरसाहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "दुपारपर्यंत थांबवणं रिस्कीच होतं." मग तेच म्हणाले, "तशी सगळी ट्रिपच रिस्की होती."

आता कुणी बाहेरगावी निघालं की रिपोर्ट आणि ड्राय वेटच्या आधी मी पेशंटलाच विचारतो, सोबतच्याला नाही. तिथं कुठं जायचंय, आणि किती वाजता? कुणी नातवाचं घर सांगतं, कुणी लग्नाचा मुहूर्त. एक आजी म्हणाल्या, कुठंच न्हाई, बहिणीपाशी बसायचंय निसतं. मी ते कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहितो आणि मग सेंटरला फोन लावून उरलेल्या वेळेतला स्लॉट मागतो. बहुतेक ठिकाणी मिळतो. दोन मिनिटं जास्त लागतात.