कमलताईंचा डावा पाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तिला तर मी घरातलं भांडणसुद्धा फोन करून सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण एक आधीच बजावते, ऐकून मला समजून घ्यायला जाऊ नका. समजून घेण्यासारखं त्यात फार आहे. तेच तर वाईट आहे.

मी नारायणगावात बायकांना गाडी चालवायला शिकवते. फक्त बायकांना. सुरू केलं तेव्हा लोक हसले. मागून नाही हो, तोंडावर हसले. गावात एक जुनं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. ते चहाच्या टपरीवर बसून मोठ्यानं सांगायचे, "दिवाळीपर्यंत थांबा. गाडी भंगारात अन् बाई घरात."

दिवाळी आली आणि गेली. मी घरात गेले नाही. माझी जुनी, सेकंडहँड गाडीही भंगारात गेली नाही. शिक्षिका शिकल्या, दुकानदारांच्या सुना शिकल्या, द्राक्षबागा असलेल्या घरातल्या बायका शिकल्या. हे मी अभिमानानं सांगतेय आणि पुढचं ऐकल्यावरही तो अभिमान मी परत घेणार नाही. तुम्हाला चालत नसेल तर इथंच थांबा.

कमलताई आणे गावच्या. पठारावरून एसटीनं खाली यायच्या. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, तरी मला 'मॅडम' म्हणायच्या. नवऱ्याची नजर अधू झालेली, मुलगा चाकणला कामाला, आणि दारात ताडपत्रीखाली गाडी नुसती उभी. त्यांची धाकटी बहीण लोणीला दिलेली. ती आजारी होती, अंथरुणाला खिळलेली. आण्याहून लोणीला जायचं म्हणजे एसट्या बदलत अर्धा दिवस जायचा, नाहीतर मुलाच्या सुट्टीची वाट बघायची.

"मला कुनाला इचारायचं न्हाई, मॅडम," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "बहिनीची आठवण आली का गाडी काढायची अन् निघायचं. दुसरं काय बी नको."

त्या चांगल्या चालवत होत्या. हळू, पण चांगल्या. आरशात बघायच्या, वळताना घाबरायच्या नाहीत. असं शिकणारं माणूस मिळालं की शिकवणाऱ्याला किती बरं वाटतं, कसं सांगू?

मग माझ्या गाडीचे गिअर अडायला लागले.

एका सकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी मी एकटीच गाडीत बसून तपासलं. इंजिन बंद ठेवून टाकले तर सगळे गिअर अलगद पडत होते, रिव्हर्ससुद्धा. इंजिन चालू केलं की पहिला अडायचा आणि रिव्हर्सला खर्रर्र आवाज यायचा. म्हणजे गिअरबॉक्स चांगला होता, क्लच नीट सुटत नव्हता. पेडल पोकळ लागत होतं. भरभर दोन-तीनदा दाबलं की कुठं गिअर पडायचा. बॉनेट उघडलं. क्लचचं तेल खाली गेलेलं, कुठूनतरी गळत होतं. ब्रेक मात्र ठीक होते, ते मी नीट बघून घेतले. बघा, तेवढी अक्कल शाबूत होती.

तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला सगळं कळलं होतं.

क्लास बंद ठेवून गाडी गॅरेजला न्यायची, एवढंच करायचं होतं. पण गॅरेज त्या टपरीसमोर. गाडी तिथं उभी दिसली की अण्णा काय म्हणणार, ते मला पाठ होतं. मी तेल भरलं आणि कमलताईंना चालवायला बसवलं. पेडल दोन-तीनदा दाबायचं, एवढं तरी सांगायचं ना त्यांना? नाही सांगितलं. सांगितलं असतं तर गाडी बिघडलीय हे कबूल करावं लागलं असतं.

वारूळवाडीच्या चढावर पुढची गाडी थांबली म्हणून आम्ही थांबलो. पुन्हा निघायची वेळ आली आणि पहिला गिअर पडेना. कमलताईंनी जोर लावला. खर्रर्र. पुन्हा लावला. मागं टोमॅटोचे पिकअप उभे राहिले, हॉर्न सुरू झाले. माणसं गोळा झाली. आणि त्या माणसांत, मोटरसायकलवरून एक पाय खाली टेकून, अण्णा.

शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही क्लच असतो. मी खाली बघितलं. कमलताईंचा डावा पाय तळाला टेकलेला होता. पूर्ण, जसा मी शिकवला होता तसा. मी माझ्या बाजूचं पेडलही दाबलं. तरी गिअर पडला नाही.

अण्णा खिडकीपाशी आले. "काय झालं, म्याडम? गाडी बिघडली का?"

आणि मी म्हणाले, काच खाली होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. यांना क्लच दाबता येत नाही. किती सांगायचं? पायात जोरच नाही! उतरा, कमलताई. तुमच्यानं नाही होणार हे."

कुणीतरी हसलं. कमलताईंनी खाली बघितलं. आधी स्वतःच्या पायाकडं. मग माझ्या. माझा पाय अजून पेडलवरच होता, त्यांच्यासारखाच खाली दाबलेला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उतरल्या.

मी त्यांच्या जागी बसले, पेडल भरभर दाबलं, गिअर टाकला आणि गाडी पुढं काढली. लोकांना वाटलं, बघा, मॅडमच्या हातात कशी गेली! ते त्यांना वाटावं म्हणूनच तर मी तसं केलं.

गाडी मी मंचरला दुरुस्त करून आणली, ओळखीचं कुणी बघायला नको म्हणून. तिथला मेकॅनिक म्हणाला, "क्लचचा सिलेंडर गेलाय. असल्या गाडीत कुनाला बी गिअर पडला नसता." मी मान हलवली. मला नवीन काय होतं त्यात?

कमलताई पुन्हा आल्या नाहीत. मी फोन केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात एसटी स्टँडवर दिसल्या, आण्याच्या गाडीची वाट बघत. टाळावं असं वाटलं, पण त्यांनीच हाक मारली. क्लास कसा चाललाय विचारलं. मग म्हणाल्या, "बहीन गेली, मॅडम. पोराला सुट्टी नव्हती. आमी पोचलो तवर नेलं व्हतं तिला."

तेव्हा सांगता आलं असतं. स्टँडवर बाकडं होतं, वेळ होता, आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "अरेरे." आणि भाजी घ्यायचीय असं सांगून निघाले.

आता तुम्ही म्हणाल, अण्णांसारख्या माणसांनीच तुला त्या कोपऱ्यात ढकललं. नको. ही सुटका मला नकोय. अण्णांनी फक्त विचारलं होतं. तोंड माझं होतं. आणि हे ऐकून कुणाला वाटत असेल की बघा, बायकांचे क्लास असलेच, तर त्यानं सकाळी येऊन बघावं. नवीन गाडी आहे. मी अजून शिकवते. उद्याही शिकवणार आहे.

यंदा कमलताईंची सून माझ्याकडं आली. त्यांनीच पाठवलेली. पहिल्या दिवशी सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "आमच्या आत्यांनी बी तुमच्याकडंच शिकायला घेतलं व्हतं ना? त्या म्हनत्यात, मॅडम लई चांगल्या, माझ्याच पायात जोर नव्हता."

त्यांनी माझा पाय बघितला होता, हे मी तुम्हाला सांगितलं. मग त्या माझं खोटं झाकत होत्या, की वर्षानुवर्षं तेच खरं धरून बसल्या होत्या? मी विचारलेलं नाही. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

मी सुनेला म्हणाले, "आरसा नीट कर." तिनं केला. मग मी तिला क्लच दाबायला सांगितला आणि आम्ही निघालो.