हिचा बुधवारचा तास

आमची ही कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि तिच्या डोक्यात काही शिरलं की ते घरभर पसरतं. गेल्या वर्षी शिरलं ते असं: पुस्तकं आणि लेख कसे शोधायचे, कशावर विसंबायचं, हे शिकवणारे धडे ऑनलाइन करायचे. दर बुधवारी ग्रंथालयात ती नव्या मुलांना एक तास हेच शिकवते. मुलं तासाला कोरी पाटी घेऊन येतात, ती थोडं शिकून यावीत म्हणून हा खटाटोप.

प्रयोगाचा उंदीर अर्थातच मी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर मी, मागे ही उभी. पहिला धडा पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या इतिहासावर होता.

"झोपलात?"

"नाही गं, ऐकतोय."

"मग आत्ता काय सांगितलं मी?"

मला ओ की ठो सांगता आलं नाही. त्यावर ती बरेच दिवस माझ्याशी तुटक बोलली, पण धडा मात्र मोडीत काढला. नव्या धड्याची सुरुवात माझ्या दुखऱ्या गुडघ्याने झाली. त्यावरची माहिती शोधायची, चुकलं की स्क्रीनच हळूच सुचवणार. धडा छान झाला, हे कबूल करावंच लागेल. पण धड्यासाठी हिचा आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद, नळ बंद, मला घरात शिंकायची चोरी. शिवाय माझा गुडघा आता सगळ्या कॉलेजाला माहीत झालाय.

धडे सुरू झाले आणि धड्याच्या शेवटी असलेल्या प्रश्नांत झाडून सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी मार्क. प्राचार्य इतके खूश झाले की हिला बोलावून म्हणाले, "मॅडम, मुलं घरबसल्या शिकतायत. मग बुधवारचा तास गणिताला देऊन टाकू."

ही घरी आली ती पर्स आपटतच. "माझ्याच हाताने घालवला मी माझा तास." त्या संध्याकाळी भांड्यांचा फार आवाज झाला. मलाही संताप आला. त्या तासापायीच तर मी एवढा छळ सोसला होता.

वर आणखी, तीच पैकीच्या पैकीवाली मुलं काउंटरवर येऊन विचारत, "मॅडम, ते निळ्या कव्हरचं पुस्तक आहे का?" खोदून विचारल्यावर कळलं, एकजण धडा सोडवायचा आणि उत्तरं ग्रुपवर टाकायचा. सगळ्यांना तेच प्रश्न देण्याची चूक हिचीच होती. "एवढी शिकलेली मी, आणि हे सुचू नये मला?" असं ती भाजी चिरताना स्वतःलाच ऐकवत होती.

मग तिने धड्याचा शेवट बदलला. प्रश्न ज्याचा त्याने निवडायचा, त्यावर एकमेकांशी न जुळणारे दोन लेख शोधायचे आणि कोणाचं खरं मानलं ते लिहायचं. हे घेऊन ती थेट प्राचार्यांकडे गेली. "सर, तास काढायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः करून बघा."

प्राचार्यांनी प्रश्न घेतला, कॉफीने रक्तदाब वाढतो का. एक लेख म्हणत होता वाढतो, दुसरा म्हणत होता काही होत नाही. कॉफीचे शौकीन असलेल्या प्राचार्यांना दुसरा पटला.

"तो लिहिलाय कोणी, सर?"

त्यांनी स्क्रीन वरखाली केली. लेख कॉफी विकणाऱ्या कंपनीचा होता, पण ते नाव हिने बोट ठेवलं तेव्हा त्यांना दिसलं.

"हे कुठे बघायचं असतं, ते धड्यात नाही का?"

"आहे ना. पण नुसतं सांगून ते लक्षात राहत नाही, शेजारी बसून दाखवावं लागतं. तेच मी बुधवारी करते."

प्राचार्यांनी वेळापत्रक परत मागवलं आणि बुधवारच्या तासावरचं गणित खोडलं.