खाऱ्या तळ्याची काळी माती

"मिस्त्रीजी, दात वीतभर लांब पाहिजेत. जरासुद्धा कमी नको," सोनी सेठ स्कूटरवर बसूनच बोलले.

"पहिले ढेकूळ आणा," मी म्हणालो.

"अरे, समुंदर के तले का ढेला कहाँ से लाऊँ?"

"मग दात दुसरीकडे करा."

माझं वर्कशॉप खमरियाच्या रस्त्याला आहे. ट्रॅक्टरमागे जो कल्टिवेटर चालतो, त्याचे फण मी करतो. फण म्हणजे माती उकरणारे लोखंडी दात. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही रडत. पण माझा फण कोणाच्या शेतात वाकला, असं जबलपुरात कोणी दाखवून द्यावं. आमचे वडील वर्ध्याकडून आले. त्यांचा नियम होता, ज्या जमिनीत फण चालणार तिचं ढेकूळ हातात घेतल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. रेताड जमीन दात झिजवते, चिकण जमीन वाकवते. त्या हिशोबाने लोखंडाला पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून बुडवायचं. मी तो नियम कोणासाठी मोडला नाही.

सेठचा धंदा चुन्याचा. दक्षिणेत समुद्राला लागून एक खारं तळं आहे. त्यात नदीचं पाणी येतं आणि समुद्राचंही. तळाशी शिंपले. लोक आतलं मांस खातात, टरफलं चुनाभट्टीला जातात. तिथली माणसं बुडी मारून हातानं काढतात. सेठला बोटीमागे ओढायची दातेरी चौकट पाहिजे होती. दात तळ उकरतील, शिंपले मागच्या जाळीत पडतील. आधी एक नमुना, पसंत पडला की मोठी ऑर्डर. पण तळ्यात काही उतरवायचं तर शिंपलेवाल्यांच्या सोसायटीचा होकार लागत होता. ते म्हणाले, आमचं माणूस पाहून येईल, मग सांगू.

त्यामुळे ढेकूळ आणि माणूस एकाच गाडीने आले.

माणूस म्हणजे अम्मिणीबाई. पन्नाशीच्या, जन्म पाण्यात गेलेला. हिंदी मोडकी, ती मी इथे आपल्या भाषेत सांगतो, पण आवाज असा की नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या फूलवाल्या गप्प होतील. त्यांनी प्लास्टिकचा पाइप तळात ठोकून, मातीसकट दोन्ही तोंडं बांधून आणला होता. सोबत कॅनमध्ये तिथलंच पाणी आणि ओल्या गोणपाटात जिवंत शिंपले.

मी पाइप हॅकसॉने उभा चिरला. वर चार बोटं भुरी माती, त्यात पाण्याखालच्या गवताच्या मुळ्या आणि नखाएवढे शिंपले. त्याखाली सगळी काळीभोर.

मला बरं वाटलं. आम्ही विदर्भाची माणसं. काळी माती पाहिली की आम्हाला कापूस दिसतो.

"सेठ, जान खालीच आहे. खोल उकरा, काळी वर येऊ द्या. माल निघेल आणि तळही सुधरेल."

"देखा दीदी?" सेठ खूश. "मिस्त्रीजी ने बोल दिया."

"मिस्त्रीजी, सूँघो," बाई म्हणाल्या.

काहून सुंगू? तरी बोटावर घेऊन नाकाशी नेली. सडक्या अंड्याचा वास.

"वास तर शेणखतालाही येतो," मी म्हणालो.

"शेण खाऊन झाड वाढतं. याने आमचं सगळं मरतं. ही खाली दबलेलीच बरी. वर आली की पाण्यातली हवा खाऊन टाकते."

"पानी में हवा!" सेठ हसले. मीही हसलो.

बाईंनी दोन घमेली मागितली. एकात पाइपची अर्धी माती होती तशीच ठेवली, वर हळू पाणी सोडलं. दुसऱ्यात उरलेली अर्धी टाकून हाताने घुसळली. दोन्हीत लहानमोठे शिंपले सोडले. "उद्या बघू."

"तुम्ही उद्या बघा, मी आज काम करतो," म्हणून मी भट्टी पेटवली. दात वीतभर ओढले, पाणी दिलं, चौकटीला वेल्ड मारलं. तसं काम या शहरात दुसरा कोणी करत नाही. हे आजही म्हणतो.

सकाळी सेठ राइट टाउन मोहल्ल्यातून बाईंना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. पहिल्या घमेल्यात पाणी नितळ. शिंपले मातीत घुसून बसलेले, नुसती वरची कड दिसे. दुसऱ्यात पाणी काळपट. मोठे शिंपले घट्ट मिटून वरच पडलेले, लहान तोंड उघडून. जिवंत शिंपल्याला बोट लावलं की तो मिटतो. मी लावून पाहिलं. एकही लहान मिटला नाही.

"सफर में थक गए होंगे," सेठ म्हणाले.

"दोन्ही घमेल्यांतले एकाच गोणपाटात आले," बाई.

"अरे, छोटेवाले मरे हैं. हमें तो बड़े चाहिए."

"सेठ, तुमच्या चुन्याच्या दगडाला पिल्लं होत नाहीत. आमच्याला होतात. मोठे कुठून येतात मग?"

मी घमेल्याकडे पाहून राहिलो. शेतात खालची माती आपण वर आणतो, कारण तिला ऊन-वारा लागतो. पाण्याखाली तिला ऊन कोण दाखवणार? मी गॅस कटर पेटवला.

"ये क्या कर रहे हो?"

"दात कापून राहिलो."

"कितना?"

"त्यांना विचारा."

बाईंनी दातावर दोन बोटं आडवी ठेवली. त्यांनी हात काढला आणि मी तिथेच कापलं. मग त्या म्हणाल्या, टोकं गोल करा, आणि तळाशी गवत असेल तिथे हे ओढायचंच नाही, पिल्लं त्यातच वाढतात. टोकं गोल केली. गवताचं माझ्या हातात नव्हतं.

"इतने में क्या आएगा, कद्दू?" सेठनी स्कूटरला किक मारली. बाईंना स्टेशनवर मी ऑटोने पोचवलं.

नमुना सेठनी नेलाच नाही. लांब दातांची चौकट दुसऱ्याकडून करवली. सोसायटीने ती तळ्यात उतरू दिली नाही. आता ती दुसऱ्या कुठल्या खाडीत चालून राहिली, असं ऐकतो. अम्मिणीबाई बांबूला लावायचे आखूड दातांचे पंजे माझ्याकडून मागवतात. मोठी ऑर्डर नाही ती, पण काम नीट आहे.

ढेकूळ मागायचा नियम बरोबरच होता. आता एक प्रश्न जास्त विचारतो, वर ऊन असतं का पाणी. काळ्या मातीबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. शेतात ती सोनंच आहे.