त्याला पालथं घातलं तो दिवस

त्याला त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाने मारलं होतं. भर सकाळी, शेताच्या बांधावर, लोखंडी सळईने. धाकट्याला जमीन बिल्डरला द्यायची होती, थोरल्याला नाही. पहिला घाव डोक्यात बसला. तो उताणा पडला, तसाच ओकला, आणि ओकलेलं सगळं श्वासाबरोबर छातीत गेलं. भाऊ त्यानंतरही मारतच राहिला. "रुका ही नहीं, डॉक्टरनी जी," त्याची बायको मला पुन्हा पुन्हा सांगत होती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दिल्लीलगतच्या फरीदाबादच्या कडेची गावं एकेक करून शहरी सेक्टर होत होती आणि अशाच एका सेक्टरात आमचं नवं खाजगी हॉस्पिटल उभं राहिलं होतं. दर्शनी भागाला सगळी काच, आत सहा खाटांचं आयसीयू. मी तिथे भूलतज्ज्ञ होते. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी, दोघीच राहायचो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, म्हणून आम्ही दिल्लीचे झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा एक्स-रे बघितला. फुप्फुसं काळी दिसायला हवीत. याची दोन्ही पांढरीफटक होती. व्हेंटिलेटरवर शंभर टक्के ऑक्सिजन चालू होता, तरी मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सत्तरच्या वर चढेना; तो नव्वदच्या वर हवा. ओठ जांभळे पडले होते.

आमचे सीनियर परदेशात बरीच वर्षं काढून आले होते. ते खाटेपाशी नुसते उभे राहिले, मग म्हणाले, "इसको उल्टा करते हैं."

मी हे फक्त वाचलं होतं. उताण्या माणसाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा भाग खाली दबतो, भिजलेल्या गादीसारखा जड होतो. रक्त तिकडे जातं, हवा जात नाही. पालथं घातलं की तो भाग मोकळा होण्याची आशा असते. पण घशातली श्वासाची नळी वळवताना निसटली, तर मिनिटांत खेळ खलास.

डोक्याशी मी उभी राहिले, एका हातात नळी, दुसऱ्यात त्याचा जबडा. दोन्ही बाजूंना दोन-दोन जण. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याने तो मेल्यासारखाच जड झाला होता. मी तीन म्हटलं आणि आम्ही त्याला कुशीवर ओढलं. तोंडातून लालसर पाणी माझ्या मनगटावर सांडलं. आकडा साठ झाला. मग पन्नास. एक सिस्टर रडायला लागली. "रोना बाद में!" सीनियर ओरडले. दुसऱ्या हिसक्याने तो पालथा पडला. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, मान एका बाजूला. नळी जागेवर होती. अर्ध्या तासात आकडा नव्वदच्या जवळ आला.

त्याच्या बायकोला हे सांगायचं काम माझं होतं. चार वाजता भेटायला येईलच, तेव्हा सांगू, असं मी ठरवलं. इथे मी चुकले.

ती चारच्या आधीच आली, तिच्या भावाला घेऊन. दाराच्या काचेतून तिला नवरा दिसला: पालथा, चेहरा सुजून टम्म, तोंडातून लाळ गळतेय. ती किंचाळली, "हमारे यहाँ तो मुर्दे को भी ऐसे नहीं डालते!" तिच्या भावाने दार ढकललं, उघडेना, तसं बाहेरचं स्टूल उचलून काचेवर घातलं. काचा खाटेपर्यंत उडाल्या.

"मार डाला मेरे जीजा को!" म्हणत तो खाटेवर झेपावला आणि त्याने मेव्हण्याचा खांदा धरला. उलटवायलाच निघाला होता. मी मध्ये पडले. त्याने माझे केस मुठीत धरून मला बाजूला फेकलं. डोकं ट्रॉलीवर आपटलं. उठले तेव्हा नळी ताणलेली दिसली आणि सिलिंडर उघडायचा पाना हाताला लागला.

मी त्याच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. त्याने खांदा सोडला, तो खाली बसला. मी परत मारलं.

पहिला घाव गरजेचा होता. दुसरा नव्हता. दुसऱ्या वेळी मला बरं वाटलं होतं.

वॉर्डबॉयने मला मागे ओढलं. बायको काचांवरूनच आत आली होती, तळव्यातून रक्त येत होतं. मी धापा टाकत तिला आकडा दाखवला. "सुबह पचास था. अब देखो." तिला आकडे वाचता येत नव्हते. तिने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, पाठ वरखाली होतेय हे बघितलं, आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

घरी आईने माझं डोकं बघितलं. "अगं, केस कुठे गेले इथले? कोणी मारलं तुला?"

"आई, मी मारलं एकाला. हात मोडला त्याचा."

तिने गॅस बंद केला. ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, "अच्छा. आधी जेव."

आम्ही त्याला पुढचे काही दिवस आलटून पालटून पालथं-उताणं करत राहिलो. गालावर दाबाची जखम झाली, पण दोन आठवड्यांनी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात त्याने पहिला प्रश्न विचारला, "मेरा भाई कहाँ है?"

"हवालात में," बायको म्हणाली. "और कहाँ होगा?"

तो भिंतीकडे तोंड करून रडला. दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीस आले, तेव्हा म्हणाला, भावाने काही केलं नाही, मी ट्रॅक्टरवरून पडलो. मी खाटेशी उभी होते. बायकोने पदर सावरला, हात प्लॅस्टरमध्ये असलेल्या आपल्या भावाला हाक मारली आणि दोघं निघून गेली.

डिस्चार्जच्या दिवशीही बायको आली नाही, त्याला न्यायला शेजारी आला होता.