पोपड्यांच्या भिंतीच्या शोधात

आता ही फजिती दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगून टाकतो. दुसरे सांगतात तेव्हा त्यात मी गाडी टाकून पळालो असंही येतं. तेवढं खोटं आहे. बाकी सगळं खरं.

औंढ्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. दर्शनाला आलेली जोडपी, पासपोर्ट साइझवाले आणि लग्नाच्या बायोडाट्याला फोटो पाहिजे असलेली पोरं-पोरी, यांच्यावर आमचं चालतं. मागं लावायला दोन पडदे, एक धबधब्याचा, एक बर्फाच्या डोंगराचा. वीस वर्षं तालुक्यातली माणसं त्या बर्फापुढं घाम पुसत उभी राहिली. कुणाची तक्रार नव्हती.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. एक दाढीवाले गृहस्थ सांगत होते, पडदे फेका, बाहेर पडा, जुन्या भिंती शोधा. पोपडे, तडे, गंजलेला पत्रा. अशा भिंतीपुढं चेहरा बोलायला लागतो म्हणे. मला एकदम पटलं. आपल्याकडं दुसरं काही असो नसो, पोपडे भरपूर.

बायको म्हणाली, "पोपडेच पाहिजेत तर आपल्या न्हाणीत काढा की."

कलावंताला घरून पाठिंबा मिळत नसतो. मी निघालो.

गळ्यात मोठा कॅमेरा, पाठीला सॅक, इन केलेला पांढरा शर्ट, हातात वही. शिरड शहापूरच्या रस्त्यानं जाता जाता आत एका गावाकडं गाडी वळवली. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथं अजून जावं लागतं.

पहिल्याच गल्लीत भिंत सापडली. मातीची, वर कधीकाळचा निळा चुना, जागोजागी पोपडे गेलेले, आणि खालच्या कोपऱ्यापासून पत्र्यापर्यंत वीज चमकावी तसा तडा. मी भिंतीवरून हात फिरवला. वहीत लिहिलं, 'निळी भिंत, तडा उत्तम, ऊन चारनंतर.'

दारात एक म्हातारी सुपात डाळ निवडत बसली होती. नाव गयाबाई, ते नंतर कळलं.

"काय बघून राहिले साहेब?"

"भिंत बघतोय मावशी. हा तडा कधीचा?"

"दोन पावसाळे झाले. रोज वाढून राहिला."

"फार चांगला आहे," मी म्हणालो.

तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "मंग बसल ना माहं घर?"

मला वाटलं, फोटोत बसेल का म्हणतेय. मी म्हणालो, "बसल की. सगळं बसल. तुम्ही फक्त पुढं उभ्या राहा."

ती पदर सावरून उभी राहिली. काय डोळे होते! त्यांत आशा होती, भीती होती, आणखी काय काय होतं. बर्फाच्या डोंगरापुढं असे डोळे मला वीस वर्षांत मिळाले नव्हते. मी मनातल्या मनात दाढीवाल्याला नमस्कार केला.

तेवढ्यात तिनं शेजारी हाक मारली, "दिगांबर, साहेब आलेत बघ."

दिगांबर आला, मला बघितलं, परत आत गेला, आणि चांगला शर्ट काढून फाटकं बनियन घालून आला. मी म्हटलं, काय जाण आहे या माणसाला.

अर्ध्या तासात गल्लीत रांग लागली. एकानं दारातली मोटारसायकल ढकलत दुसऱ्याच्या अंगणात नेली. "ही पाहुण्याची हाय," तो म्हणाला.

"गाडी नकोच मागं," मी म्हणालो.

"व्हय व्हय, नकोच," तो खूश.

दोन बायांचं कुणाची भिंत जास्त पडकी यावरून वाजलं. दोघींनी मला हाताला धरून आपापल्या घराच्या मागं नेलं. सगळ्यांनी आधार कार्डं आणली. "नावं बराबर लिहून घ्या साहेब," दिगांबर म्हणाला. मीही लिहून घेतली, अगदी कार्डावर बघून. कुणी चहा आणला. कलेची एवढी कदर औंढ्यात कधी झाली नव्हती.

चहाचा शेवटचा घोट घेत होतो तेव्हा गयाबाईनं विचारलं, "मंग साहेब, पैला हप्ता कवा पडल?"

"कसला हप्ता?"

"घरकुलाचा."

आता मला सांगा, घरकुलाच्या पाहणीला येणारे लोक मालकाला पडक्या घरापुढं उभं करून फोटो काढतात, हे कुणाला माहीत नाही? मलाही माहीत होतं. पण कला डोक्यात गेली की बाकीचं बाहेर पडतं.

"मावशी," मी म्हणालो, "मी साहेब न्हाई. औंढ्याचा फोटोवाला हाय."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दिगांबर आत जाऊन शर्ट घालून आला.

"मंग आमच्या भिंती काहून काढल्या?" त्यानं विचारलं.

"चांगल्या दिसतात म्हणून."

गयाबाई म्हणाली, "चांगल्या दिसत्यात तर तू राहा हितं. पावसात खाट कुठं कुठं सरकवायची ते मी सांगते."

शेवटी दिगांबरनंच वाट काढली. "असं करा, हेच फोटो आमाला छापून द्या. अर्जाला लावतो. तुमचा कॅमेरा मोठा हाय, साहेब लोकाच्या मोबाईलपरीस भारी येईल."

मला तर पापातून सुटका मिळाल्यासारखं झालं. चार दिवस दुकानात बसून मी एकेक चेहरा निवडला आणि मोठ्या आकारात छापला. खोटं कशाला बोलू, जन्मातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते. स्वतः नेऊन दिले. गयाबाईनं आपला फोटो हातात धरून बघितला. "मी अशी दिसते व्हय?" एवढंच म्हणाली. मला वाटलं, फिटलं सगळं.

आठवड्यानं दिगांबरचा फोन. "भाऊ, ग्रामसेवकानं सगळे फोटो वापस केले."

"काहून?"

"म्हणले, माणसं झकास आलीत, पर घर कुठं हाय?"

मी कॉम्प्युटर उघडला. सगळ्यांना मी भिंतीपासून चार पावलं पुढं उभं केलं होतं, आणि माझी भारी लेन्स चेहरा तेवढा लख्ख ठेवते, मागचं सगळं विरघळवते. चार दिवस मी नुसते चेहरेच बघत बसलो होतो. गयाबाईच्या मागं गुळगुळीत निळसर धुकं होतं. तडा नाही, पोपडा नाही, पत्रा नाही. एका गल्लीतली पंधरा पडकी घरं मी एका दिवसात नीट करून ठेवली होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. मीच काढले माह्या मोबाईलवर. पाच मिन्टं लागली. लागले अर्जाला."

मी मनात म्हटलं, सुटलो. दिगांबर पुढं म्हणाला, "पर गयामावशीनं निरोप दिलाय. म्हणती, त्या फोटोवाल्यानं माहा तडा कागदावर लई झकास बुजवला. घराला बी बुजवून दे म्हणावं, पावसाच्या आत."

"येतो की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"या. आन् कॅमेरा आणू नका म्हणली. घमेलं आणा."